माल्टा: एकाच दगडाचं बेट, आणि ते कसं पाहावं

रानवारा

माल्टाची सहल ठरली की आपल्याकडे सगळ्यात आधी कोमिनोच्या ब्लू लगूनची बोट ठरते. पाणी सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अर्धी सुट्टी पाण्यात घालवून परतलेली मंडळी भेटली की मला खरंच हळहळ वाटते. माल्टा, गोझो आणि कोमिनो मिळून क्षेत्रफळ जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. एवढ्याशा जागेत साडेपाच हजार वर्षांचं बांधकाम उभं आहे आणि त्यातलं बरंचसं एकाच दगडातलं आहे. तो दगड ओळखीचा झाला की अख्खं बेट उलगडत जातं. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे माझी नजर आधी भिंतीवर जाते. हा धागा त्याच नजरेने लिहिते आहे.

तिथे या दगडाला 'फ्रांका' म्हणतात. समुद्रतळावर साचलेल्या सूक्ष्म जिवांच्या कवचांपासून झालेली ही मऊ चुनखडी. खाणीतून निघते तेव्हा फिकट पिवळी, जवळजवळ लोण्याच्या रंगाची आणि इतकी मऊ असते की करवतीने कापता येते. हवा लागली की वरचा थर कडक होतो आणि रंग मधाकडे झुकतो. समुद्राकडच्या भिंतीजवळ जाऊन बघा. खाऱ्या वाऱ्याने दगड आतून पोखरलेला असतो, चिऱ्यांमधल्या दरजा तशाच उभ्या आणि चिरा मात्र बोटभर आत गेलेला. त्या खळग्यांत शिंपल्यांचे तुकडेही सापडतात. विमानतळाजवळच्या इमकाब्बा भागात जुन्या खाणी आहेत, त्यांच्या भिंती सुरीने कापल्यासारख्या सरळ आहेत. सिज्जीवी गावात एका जुन्या खाणीतच या दगडाचं संग्रहालय केलं आहे. पर्यटक तिथे फारसे फिरकत नाहीत. मला विचाराल तर सहलीची सुरुवात तिथून करावी.

आता देवळं. गोझोवरच्या शारा गावातली जिगान्तियाची मंदिरं साधारण इसवी सनपूर्व ३६००च्या सुमाराची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा हजार वर्षांनी जुनी. चाक नाही, धातू नाही, आणि काही दगड पाच मीटरच्या वर. गावात गोष्ट सांगतात की एका राक्षसिणीने कडेवर मूल घेऊन, शेंगांच्या बिया खात हे दगड वाहून आणले. माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावर हाजार-ईम आणि इमनाइद्रा ही दोन मंदिरं एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत. हाजार-ईम मऊ फ्रांकाचं, म्हणून जास्त झिजलेलं. इमनाइद्राच्या बाहेरच्या भिंती कठीण प्रवाळी चुनखडीच्या, म्हणून जास्त टिकलेल्या. दोन्हींवर २००९ पासून पांढरं तंबूसारखं छत आहे. फोटोत ते खुपतं, अशी तक्रार बरेच जण करतात. पण ऊन, पाऊस आणि मिठाने हे दगड किती झपाट्याने सोलले जात होते हे समजलं की ते छत हवंसं वाटतं.

इमनाइद्रात एक गोष्ट चुकवू नका. आतल्या दाराच्या चौकटीच्या शिळेवर हजारो बारीक ठिपके कोरले आहेत, कुठल्यातरी टोकदार हत्याराने एकेक करून, रांगा न मोडता. सकाळी तिरपं ऊन असेल तर प्रत्येक ठिपक्याला स्वतःची सावली पडते. दक्षिणेकडच्या मंदिराचा दरवाजा असा रोखलेला आहे की वसंत आणि शरद संपाताच्या दिवशी उगवत्या सूर्याचा किरण थेट मधल्या गाभ्यापर्यंत जातो, आणि दोन्ही अयनदिनांना तो आतल्या दाराच्या कडेच्या शिळांवर पडतो.

हाल साफलिएनीचं हायपोजियम, म्हणजे जमिनीखालचं दफनस्थळ, माझ्या मते सगळ्यांत पाहण्यासारखं. पाओला गावात १९०२ साली घरं बांधताना मजुरांना ते सापडलं. जमिनीखाली तीन मजले, सगळे खडकात खोदलेले, आणि खोदणाऱ्यांनी जमिनीवरच्या मंदिरांतल्या तुळया, दारं, छतांचा घाट खडकातच उतरवला आहे. सुमारे सात हजार माणसांचे अवशेष इथे होते असा अंदाज आहे. एका दालनाच्या छतावर लाल गेरूची वळणं अजून दिसतात. खर्जातल्या आवाजात बोललं की तो सगळीकडे घुमतो. माणसांच्या श्वासाने आत ओलावा वाढतो, म्हणून दिवसाला फक्त ८० जणांना सोडतात आणि फोटो काढू देत नाहीत. इथे सापडलेली बारा-एक सेंटिमीटरची 'झोपलेली स्त्री' ही मातीची मूर्ती राजधानी वालेत्ताच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. कुशीवर झोपलेली, हात डोक्याखाली घेतलेला, आणि तिच्या भाराने खाली वाकलेली खाट. ती खाटेची वाक ज्या हातांनी घडवली त्यांना माणसाचं वजन नीट ठाऊक होतं. हायपोजियमआधी ही मूर्ती बघून घ्या.

वालेत्तावर सविस्तर पुढच्या प्रतिसादात लिहिते. तोपर्यंत कुणी जाऊन आलं असेल तर भर घाला.

शेवंती

रानवाराताई, फार सुंदर लिहिलंत. आम्ही ऑक्टोबरमध्ये जायचं म्हणतोय. बरोबर सासूबाई आणि सासरे आहेत, दोघांचेही गुडघे दुखतात आणि दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. वालेत्तात खूप पायऱ्या आहेत असं ऐकलं. त्यांना घेऊन जाणं जमेल का? आणि खायचं काय?

रानवारा

शेवंती, नक्की जमेल. ऑक्टोबर निवडलात ते उत्तम केलंत. जुलै-ऑगस्टच्या उन्हात मंदिरांच्या उघड्या माळावर वयस्कर माणसांचे हाल होतात.

वालेत्ता हे एका लांबट टेकाडावर वसवलेलं शहर आहे. टेकाडाच्या माथ्यावरून जाणारे लांब रस्ते बऱ्यापैकी सपाट, आणि आडवे रस्ते दोन्ही बाजूंना उतरत जातात, त्यांतले काही पूर्ण पायऱ्यांचे. तेव्हा शहराच्या दरवाजापाशी उतरायचं, रिपब्लिक स्ट्रीटने चालायचं आणि आडव्या गल्ल्यांत वरूनच डोकावायचं. बंदरावर जायला अप्पर बाराक्का बागेतून ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, ती थेट पाण्याजवळ नेते. बागेच्या खालच्या सज्जातल्या तोफा दुपारी बारा आणि चारला उडवतात. थोडं आधी जाऊन कठड्याशी जागा धरा, समोर अख्खं ग्रँड हार्बर दिसतं.

सेंट जॉन को-कॅथेड्रल बाहेरून अगदी साधं, सैनिकी वळणाचं. जिरोलामो कास्सार या माल्टीज वास्तुविशारदाने ते १५७३ ते १५७८ मध्ये बांधलं. आत पाऊल टाकलं की मात्र बघतच राहतो माणूस. मात्तिया प्रेतीने छतावरची चित्रं थेट दगडावर तैलरंगात काढली. पायाखाली सुमारे चारशे संगमरवरी थडगी, रंगीत दगडांची जडणघडण केलेली, सांगाडे, मुकुट, घड्याळं, शिलालेख. टोकदार टाचांच्या चपला घालून आत सोडत नाहीत, आणि तेच योग्य आहे. बाजूच्या प्रार्थनागृहात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८चं 'संत जॉनचा शिरच्छेद'. त्याच्या सगळ्या चित्रांत हे सर्वांत मोठं, आणि सही केलेलं हे एकच. सही कुठे आहे ते शोधा: जमिनीवर सांडलेल्या रक्तातून ती अक्षरं ओढली आहेत. त्याच वर्षी सेंट जॉनच्या नाइटांनी, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या पंथाने, त्याला आपल्यात घेतलं, मग एका मारामारीवरून सेंट अँजेलो किल्ल्यात कोंडलं, तिथून तो निसटला, आणि डिसेंबरात त्याची हकालपट्टी झाली. ती सभा याच दालनात, याच चित्रासमोर भरली होती. रविवारी हे पर्यटकांना बंद असतं, बेत आखताना लक्षात ठेवा. खांदे झाकलेले हवेत.

जेवणाचं सांगते. बिगिल्ला म्हणजे बाकल्याच्या जातीच्या वाळलेल्या बियांची लसूण घातलेली चटणी, पावाबरोबर खातात. कापुनाता म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, केपर्स. पास्तीत्सी सगळीकडे मिळते, रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची. पण तिच्या पारीत काही ठिकाणी प्राण्यांची चरबी वापरतात, तेव्हा प्रत्येक दुकानात विचारून घ्या. फ्तीरा हा तिथला चपटा आंबवलेला पाव. तो करण्याची कला २०२०मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. त्यात बहुतेक वेळा ट्यूना घालतात, त्याऐवजी टोमॅटो, ऑलिव्ह, केपर्स घालून द्या म्हटलं की देतात. शहराच्या दरवाजाजवळ इमकारेत मिळतात, आत खजूर आणि बडीशेपेसारख्या वासाचं सारण, गरम तळलेले. सासूबाईंना हे नक्की आवडतील.

दुर्गवेडा

ताई, तुम्ही किल्ल्यांवर आला नाहीत अजून, म्हणून मी मध्ये घुसतो. मी आयुष्यभर सह्याद्रीतले गड पायाखाली घातले, पण तटबंदीचं शास्त्र एका दिवसात समजायचं असेल तर वालेत्ताला पर्याय नाही.

थोडी पार्श्वभूमी. सेंट जॉनच्या नाइटांना ऱ्होड्स सोडावं लागलं १५२२च्या वेढ्यानंतर. १५३०मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं, खंडणी काय तर वर्षाला एक बहिरी ससाणा. १५६५च्या मे महिन्यात तुर्की सुलतान सुलेमानचं आरमार आलं. टोकावरचा सेंट एल्मो हा चांदणीच्या आकाराचा लहानसा किल्ला आठवडाभरात पडेल असा त्यांचा हिशेब होता. तो २३ जूनपर्यंत लढला. त्यात तुर्गुत रईससारखा कसलेला दर्यावर्दी मारला गेला आणि हल्लेखोरांचा जोर तिथेच खर्ची पडला. सप्टेंबरात सिसिलीहून कुमक पोहोचली आणि वेढा उठला.

खरी गोष्ट पुढची आहे. नाइटांचा प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर, व्हालेत याने लगेच ठरवलं की ज्या ओसाड टेकाडावरून शत्रूने तोफा डागल्या तिथेच शहर उभं करायचं. २८ मार्च १५६६ला पायाभरणी झाली. लापारेल्ली नावाचा इटालियन अभियंता पोपने पाठवला. आपल्या गडांना कडा राखतो, इथे कडा नाही. तेव्हा जमिनीकडच्या बाजूला खडक कापून खोल खंदक केला आणि बुरूज असे तिरके काढले की एका बुरुजाची तोफ शेजारच्या बुरुजाचा पायथा राखते. कुठेही उभे राहा, आंधळा कोपरा सापडत नाही. मांद्राज्जो नावाचा भाग बघा. तिथे गलबतांसाठी शहराच्या आत धक्का खणायचा होता आणि निघणाऱ्या दगडाने घरं बांधायची होती. दगड निघाला, घरं झाली, धक्का अर्धवट राहिला, आणि त्या खड्ड्यात पुढे गरिबांची दाट वस्ती झाली.

सेंट एल्मोतलं युद्ध संग्रहालय बघायला वेळ काढा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, ब्रिटनच्या राजाने संपूर्ण बेटाला दिलेलं जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक तिथे आहे. आजच्या माल्टाच्या झेंड्यावर तेच आहे.

खारा_वारा

मी स्लिएमात नोकरीनिमित्त राहतो. धागा वाचून खूप बरं वाटलं, कारण इथे आलेले आपले लोक बहुतेक वेळा मॉल आणि किनाऱ्याचेच पत्ते विचारतात.

दुर्गवेडा काका, वालेत्तासमोरची तीन शहरं राहिली. बिर्गु, सेंग्लेया आणि बोर्मला. १५६५चा वेढा झाला तेव्हा नाइट बिर्गुत राहत होते, वालेत्ता अस्तित्वातच नव्हतं. लिफ्टने खाली उतरलं की धक्क्यावर दायसा मिळते. दोन्ही टोकं उंच वळलेली रंगीत लाकडी होडी, थोडक्या युरोंत बंदर ओलांडून बिर्गुत सोडते. पाण्याच्या पातळीवरून सेंट अँजेलोचा तट बघितला की चढाई करणाऱ्याला काय वाटलं असेल ते कळतं. सेंग्लेयाच्या टोकावरच्या छोट्या टेहळणी बुरुजावर दगडात एक डोळा आणि एक कान कोरला आहे. मी बिर्गुच्या गल्ल्यांत संध्याकाळी जातो. तिथल्या आजीबाई दारात खुर्ची टाकून बसतात, आणि तुम्ही 'बोंस्वा' म्हटलंत की हमखास बोलायला लागतात.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय: फेस्टा. उन्हाळाभर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावाच्या संताचा उत्सव असतो. आपल्या गावच्या जत्रेत पालखीला खांदा द्यायला मुंबईहून माणसं येतात ना, तसे ऑस्ट्रेलिया-कॅनडात गेलेले माल्टीज फेस्टाला गावी परततात. रस्त्यांवर दमास्कच्या कापडाचे पडदे, लाकडी खांबांवर पुतळे, चौकात बँड, आणि रात्री संताची मूर्ती खांद्यावर घेऊन चर्चमध्ये परत नेतात. प्रत्येक गावात बँड क्लब आहे, काही गावांत दोन, आणि त्यांची चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालते. शोभेचं दारूकाम गावचे लोक स्वतः, वर्षभर, नोकरी सांभाळून करतात. इमकाब्बा आणि शेजारच्या इक्रेन्दीचं दारूकाम जगात नाव काढतं. मैदानात लोखंडी सांगाड्यावर फिरणारी चाकं जळतात, एकात एक रंग उलटे-सुलटे फिरत. कुब्बायतचे गाडे लागतात, बदाम-तिळाची मधातली मिठाई. २०२३मध्ये गावची फेस्टा युनेस्कोच्या यादीत गेली. त्याआधी २०२१मध्ये आना गेलं, म्हणजे दोन-तीन माणसं समोरासमोर बसून गिटारवर जागच्या जागी रचत गायची ती गाणी.

१५ ऑगस्टला सांता मारियाचा, म्हणजे मेरीमातेचा दिवस. एकाच वेळी अनेक गावांत फेस्टा. १९४२मध्ये बेट उपासमारीच्या काठावर असताना याच दिवशी 'ओहायो' हे तेलवाहू जहाज, बॉम्बने फुटलेलं, दोन्ही बाजूंना लढाऊ जहाजं बांधून कसंबसं बंदरात आणलं होतं. म्हातारी माणसं ते ज्या जहाजांच्या काफिल्यातून आलं त्या काफिल्याला आजही सांता मारियाचा काफिला म्हणतात. त्याच वर्षी ९ एप्रिलला मोस्ताच्या चर्चचा प्रचंड घुमट फोडून बॉम्ब आत पडला. प्रार्थनेसाठी लोक जमलेले होते, बॉम्ब फुटला नाही. त्याची प्रतिकृती तिथे ठेवली आहे. चर्चमध्ये उभं राहून वर बघा, घुमटाचा आवाका खाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

एक वाईट वाटणारी गोष्टही लिहितो. स्लिएमाच्या समुद्राकाठी एके काळी दोन मजली घरांची रांग होती, पुढे लाकडी बंदिस्त सज्जे, ज्यांना इथे गालारिया म्हणतात. आता मधूनच एखादं जुनं घर उरलंय आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती. क्रेनशिवाय आकाश दिसत नाही. फ्रांकाऐवजी काँक्रीटचे ठोकळे. गावोगावी लोक याविरुद्ध मोर्चे काढतात. तेव्हा मुक्काम करायचाच तर एखाद्या जुन्या घराचं अतिथिगृह झालेलं असेल ते निवडा. जुनं घर कमावतं राहिलं तर पाडलं जात नाही.

मांडवीकाठ

खारा_वारा, सज्जांवरून आठवलं. मी पणजीचा. वालेत्तात मला सारखं जाणवत राहिलं की इथे पोर्तुगिजांचा हात आहे, आणि तो आहेच. अठराव्या शतकातले दोन मोठे ग्रँड मास्टर पोर्तुगीज होते. आंतोनियो मानोएल द व्हिल्हेना, १७२२ ते १७३६, आणि त्याच्यानंतर काही वर्षांनी पिंतो, १७४१ ते १७७३. व्हिल्हेनाने १७३१मध्ये बांधलेलं मानोएल नाट्यगृह आजही चालू आहे. छोटंसं, तीन-चार मजली सज्जांचं, सोनेरी. दिवसा फिरून बघता येतं, पण एखादा कार्यक्रम असेल तर त्याचंच तिकीट काढा. आमच्याकडे त्याच काळात सत्ताच पोर्तुगिजांची होती, पण दगड जांभा, म्हणून भिंतींना गिलावा लावावाच लागतो. तिथे दगडच इतका गुळगुळीत कापता येतो की गिलाव्याची गरज नाही, कोरीवकाम थेट भिंतीत. चर्चचा आराखडा सारखा दिसला तरी उन्हात दोन्हींचा रंग संपूर्ण निराळा का, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

इमदिनाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. जुनी राजधानी. तिचा मुख्य दरवाजाही व्हिल्हेनाच्याच काळातला, १७२४चा. आत वस्ती तीनशेच्या आत आणि रहिवाशांखेरीज इतरांच्या गाड्यांना मज्जाव. दिवसा सहलींच्या बस रिकाम्या होतात, म्हणून संध्याकाळी सहानंतर जा. १६९३च्या भूकंपानंतर लोरेन्झो गाफाने बांधलेलं कॅथेड्रल, गल्ल्या मुद्दाम वाकड्या, तटावरून मोस्ताचा घुमट आणि पलीकडे समुद्र. दरवाजाबाहेरच रबातमध्ये संत पॉलच्या नावाची भुयारी दफनस्थळं आहेत. त्यांत दगडातच कोरलेली गोल मेजं आहेत, मृतांच्या स्मरणार्थ नातेवाईक जेवायला बसत.

जुनी_पाने

आपल्याकडचा एक धागा इथेही जोडलेला आहे, तो सांगतो. १८७८मध्ये रशिया-तुर्कस्तान प्रकरण चिघळलं तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने हिंदी सैन्यातले सुमारे सात हजार जवान मुंबई बंदरातून जहाजांवर चढवून माल्टाला नेले. हिंदी फौज युरोपात उतरवल्यावरून ब्रिटिश संसदेत बरीच खडाजंगी झाली. लढाई झाली नाही, तिथून बरेच जण सायप्रसला गेले. पुढे पहिल्या महायुद्धात माल्टा हे जखमींचं बेट झालं, गॅलिपोलीहून जहाजं भरभरून येत. त्या काळात तिथे वारलेल्या भारतीयांचं स्मारक पिएताच्या लष्करी दफनभूमीत आहे. वालेत्ताहून बसने थोड्याच अंतरावर. कोणी जाणार असेल तर तेवढी वाकडी वाट कराच. आपल्या माणसांकडे आपणच गेलो नाही तर कोण जाणार?

याशिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिंधी व्यापारी वालेत्तात दुकानं थाटून आहेत. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढ्या अस्खलित माल्टीज बोलतात.

रानवारा

जुनी_पाने, मनापासून आभार. पिएताबद्दल मला माहीत नव्हतं, पुढच्या वेळी तिथे नक्की जाईन.

गोझोवर थोडं लिहायचं राहिलंय. चिरकेवाहून मोठी फेरी पंचविसेक मिनिटांत इमजारला पोहोचते, वालेत्ताहून थेट जलद बोटही आहे. बहुतेक लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परततात, आणि तिथेच गोझो निसटतं. मुक्काम करा. पहिल्या दिवशी जिगान्तिया आणि चितादेल्ला हा जुना किल्ला. १५५१मध्ये तुर्गुत रईसने चितादेल्ला घेतली आणि गोझोची जवळजवळ सगळी वस्ती, पाच-सहा हजार माणसं, गुलाम म्हणून नेली. बेट पुन्हा वसायला पिढ्या गेल्या. तटावर चढून चहूकडे बघितलं की सगळी गावं दिसतात, आणि एवढ्या छोट्या जागेतून एवढी माणसं नेली म्हणजे काय झालं असेल ते अंगावर येतं. आतल्या कॅथेड्रलला घुमट नाही, पैसे पुरले नाहीत. १७३९मध्ये सपाट छतावर घुमटाचं चित्र काढून घेतलं, खालून बघताना खोलीच खोली दिसते.

दुसऱ्या दिवशी श्वेयनीची मिठागरं. उरण, वसई, मालवणच्या मंडळींना मिठागर नवं नाही, पण आपलं चिखलाच्या बांधांचं, हे किनाऱ्याच्या खडकात कोरलेलं. सुमारे तीन किलोमीटर लांबीत शेकडो चौकोनी वाफे, कोणताही वाफा दुसऱ्यासारखा नाही, खडक जसा वळला तसा. आधी पाणी मोठ्या खड्ड्यात तापू देतात, मग उथळ वाफ्यांत सोडतात. उन्हात आठवड्याभरात स्फटिक धरतात, मग ते मऊ झाडूने एका कोपऱ्यात लोटून ढीग करतात आणि पाणी निथळू देतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर गेलात तर हे काम बघायला मिळतं. काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. वाफ्यांच्या कडांवर पाय देऊ नका, त्या मऊ आहेत, आणि वाफ्यात बूट घालून उभं राहून फोटो काढणं म्हणजे त्यांच्या पिकावर चालणं. मीठ त्यांच्याकडूनच घ्या.

निळाई

सगळं पटलं, फक्त समुद्राला तुम्ही सगळ्यांनी जरा बाजूला सारलंत. मी पाण्यात उतरणारी आहे. बेटावरच्या माणसाने समुद्र काय केवळ पाहायचा? माऱसाश्लोकच्या बंदरात लुत्सू होड्या बघा, निळ्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांच्या, नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे. तोही वारसाच आहे, आणि रविवारच्या मासळीबाजारात तो रोजच्या कामात दिसतो. गोझोवर द्वेयरा चुकवू नका. तिथली दगडी कमान ८ मार्च २०१७ला वादळात कोसळली, तरी जागा अप्रतिम आहे. समोर जो एकटा खडक आहे, त्यावर उगवणारी एक वनस्पती औषधी म्हणून नाइटांनी इतकी जपली की १७४६मध्ये त्या खडकावर जायलाच बंदी केली.

ब्लू लगूनलाही जा, पण गर्दीच्या वेळी नको. आता तिथे आधी नोंदणी करावी लागते, आणि त्यामुळे पाणी जरा श्वास घेऊ लागलंय.

शेवंती

सगळ्यांचे खूप खूप आभार! सासऱ्यांना मी वेढ्याची गोष्ट वाचून दाखवली, ते आता सेंट एल्मोसाठी हटून बसलेत. दोनच प्रश्न. हायपोजियमची तिकिटं कशी मिळतात? आणि आम्ही गाडी भाड्याने घ्यावी का?

खारा_वारा

शेवंतीताई, हायपोजियमची तिकिटं ऑनलाइन आणि फार आधी काढावी लागतात. हंगामात महिना-दोन महिने पुढचं भरलेलं असतं, तेव्हा व्हिसाच्या कागदपत्रांबरोबरच ते उरका. नाहीच मिळालं तर दुसऱ्या दिवसासाठीची मोजकी तिकिटं सेंट एल्मोच्या खिडकीवर विकतात, थोडी महाग. सकाळी उघडायच्या आधी रांगेत उभं राहा. सासरे तिथे जाणारच आहेत, एका फेरीत दोन्ही कामं होतील. आत उतरायला पायऱ्या आहेत आणि वाट अरुंद, ओलसर आहे, त्यामुळे सासूबाईंना विचारून ठरवा. त्या वर थांबणार असतील तर पाओलापासून तारशीनची मंदिरं अगदी जवळ आहेत, जमिनीवर, पायवाट सपाट, आणि कोरीव चक्राकार नक्षी तिथे भरपूर. एका शेतकऱ्याच्या नांगराला सारखे दगड लागत होते, म्हणून १९१४मध्ये त्यांचा शोध लागला.

गाडीचं म्हणाल तर इथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे सवय लागते. पण वालेत्तात आणि स्लिएमात पार्किंग मिळत नाही. माल्टावर बस पुरते, गोझोवर दोन दिवसांसाठी गाडी घ्या. मिठागरं आणि द्वेयराला बस जाते, पण तिची वाट बघत ज्येष्ठांना उन्हात उभं करण्यात अर्थ नाही.